आजीच्या नव्वद वर्षांचं श्रेय चुलीला देणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर, आणि शेवटी माझ्या धाकट्या जावेकडून. तिनं खाली विचारलं होतं, "वहिनी, मायक्रोवेव्ह भंगारात देऊन टाकू का?"

संदेश थोडक्यात असा: "आपल्या आज्या नव्वद वर्षं जगल्या, कारण घरात यंत्रं नव्हती. चूल, जातं, पाटा आणि पितळेचं पातेलं एवढंच होतं. मायक्रोवेव्ह अन्नात किरणं भरतो आणि कर्करोग देतो, म्हणून रशियानं त्यावर बंदी घातली. कुकरमध्ये डाळ मरते. फ्रिजमधलं अन्न तासाभरात विष होतं. आरओचं पाणी हाडं पोकळ करतं. मिक्सर आणि वॉशिंग मशीननं बायका आळशी झाल्या, म्हणून घरोघरी गुडघेदुखी आणि पीसीओडी. ही सहा यंत्रं घराबाहेर काढा, डॉक्टर आपोआप बाहेर जाईल."

पुण्यातल्या एका शाळेत मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. जावेला फोनवर उत्तर दिलं, पण तेवढ्यानं समाधान झालं नाही. घरातल्या यंत्रांचे तोटे आहेत, काही तर जिवावर बेतणारे आहेत. या संदेशात त्यांतला एकही नाही, आणि ज्यांना घाबरायचं कारण नाही त्यांच्या नावानं मात्र घरोघरी भीती पसरली आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी आज्यांचं. माझ्या वडिलांची आई भोरकडची, ब्याण्णव वर्षं जगली. तिचं नाव आमच्याकडे कौतुकानं निघतं. आईची आई चोपन्नाव्या वर्षी दम्यानं गेली. तिनं आयुष्यात विडी ओढली नव्हती, पण खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं चूल फुंकली होती. तिची आठवण कुणी काढत नाही. ब्याण्णव वर्षं जगलेल्या आजीला सात मुलं झाली, त्यांतली चार मोठी झाली. उरलेली तीन कोणत्या फोटोतही नाहीत. जगले वाचले त्यांच्याकडे बघून जुना काळ निरोगी होता असं म्हणायचं, तर जे गेले त्यांना मोजायचंच राहून जातं. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षं होतं, आज ते ७० च्या आसपास आहे. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत दगावत होती. २०२० साली हा आकडा २८ होता, महाराष्ट्रात १६. याचं श्रेय मी मिक्सरला देणार नाही. ते लसींचं, प्रतिजैविकांचं, दवाखान्यातल्या बाळंतपणाचं आणि स्वच्छ पाण्याचं आहे. पण चूल आणि पाट्यामुळे माणसं जास्त जगत होती, या म्हणण्याला काही आधार उरत नाही.

चुलीबद्दल तर पुण्यातच मोठं काम झालं आहे. इथले छातीरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात लेख लिहिला, धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडीवर, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या आजारावर. त्यात त्यांनी दाखवलं की लाकूड, गोवऱ्या, काटक्यांच्या धुराला तोंड देणारी माणसं जगात सुमारे ३०० कोटी आहेत, तर तंबाखू ओढणारी सुमारे १०० कोटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० साली घरातल्या अशा धुरामुळे जगभरात ३२ लाख माणसं दगावली. सिंहगड रस्त्यावर चुलीवरच्या जेवणाच्या पाट्या लागलेल्या असतात. ते जेवण चवीला चांगलं लागतं, मीही खाल्लं आहे. पण आपण तिथं तासभर बसतो, आणि आत भाकरी थापणारी बाई दिवसभर त्या धुरात असते. आईच्या आईला मी फक्त फोटोत पाहिलं. तिच्या चुलीचं गुणगान मला ऐकवत नाही.

मायक्रोवेव्हचा मुद्दा लवकर संपवता येतो. 'किरण' शब्द ऐकला की क्ष-किरण आणि अणुबॉम्ब डोळ्यांपुढे येतात, सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. घरातल्या मायक्रोवेव्हच्या लहरी २,४५० मेगाहर्ट्झच्या असतात. त्यांच्या एका कणात जेवढी ऊर्जा असते, त्याच्या लाखाहून अधिक पट ऊर्जा चुलीतल्या निखाऱ्याच्या लाल प्रकाशाच्या एका कणात असते. निखाऱ्याचा प्रकाश जर पेशीतला डीएनए तोडत नसेल, तर ही लहर कुठून तोडणार? ती अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हलवते, त्यातून उष्णता तयार होते, आणि बटण बंद केलं की खोलीतला दिवा विझावा तशी ती संपते. भाजीत काहीही उरत नाही. रशियानं घातलेल्या बंदीचा एकही सरकारी कागद आजवर कुणी दाखवलेला नाही. उलट सोव्हिएत काळातच तिथले कारखाने घरगुती मायक्रोवेव्ह बनवत होते.

खरा दोष वेगळा आहे आणि तो घरी डोळ्यांनी बघता येतो. वर्गात मी हा प्रयोग करून दाखवायचे. आतली फिरणारी काचेची थाळी आणि तिच्याखालची चकती काढायची, चिनी मातीच्या ताटलीत तीन-चार उडदाचे पापड शेजारी शेजारी ठेवायचे आणि वीस-पंचवीस सेकंद चालू करायचं. पापड ठिपक्याठिपक्यांनी फुलतो, मधे कच्चाच राहतो. ठिपक्यांमधलं अंतर साधारण सहा सेंटिमीटर, म्हणजे लहरीच्या लांबीच्या निम्मं. म्हणजे हे यंत्र सगळीकडे सारखं तापवत नाही. कालची उसळ कडेला चटका लागेल इतकी तापते आणि मधे गारच राहते, तिथले जिवाणू मरत नाहीत. म्हणून मधे एकदा थांबवून ढवळायला हवं, बाहेर काढल्यावर मिनिटभर झाकून ठेवायला हवं. तान्ह्या बाळाची दुधाची बाटली तर यात कधीच तापवू नये: बाहेरून कोमट लागते, आतला एखादा घोट बाळाची जीभ भाजू शकतो. हॉटेलातून आलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या डब्यात तापवू नये. जावेला मी एवढंच सांगितलं आणि मायक्रोवेव्ह जागेवर राहिला.

कुकरमध्ये डाळ 'मरते' म्हणजे नेमकं काय होतं, हे संदेश सांगत नाही. आपलं पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. उघड्या पातेल्यात इथं पाणी १०० नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि कितीही आच मोठी केली तरी त्याच्या वर जात नाही. कुकरमध्ये दाब वाढतो, पाणी १२० अंशांपर्यंत जातं आणि डाळ तासाभराऐवजी दहा-पंधरा मिनिटांत शिजते. काही जीवनसत्त्वं उष्णतेनं कमी होतात, पण ती उघड्या पातेल्यात तासभर रटरटूनही होतात. दुसरीकडे कडधान्यांमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते नीट शिजल्यावरच निकामी होतात. राजम्यात तर एक विषारी प्रथिन असतं. अर्धवट, मंद आचेवर शिजवलेल्या राजम्यानं उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरमध्ये शिजवलेला राजमा सर्वांत सुरक्षित. ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये चिंच-टोमॅटोचं आंबट शिजवू नये आणि शिजवून तसंच ठेवू नये, एवढं मात्र मी पाळते.

संदेशातलं पितळेचं पातेलं हा त्याहून मोठा धोका आहे. आजीच्या पातेल्याला दर काही महिन्यांनी कल्हई व्हायची. कसब्यातल्या तांबट आळीत आजही तांब्या-पितळेची भांडी घडतात, पण दारावर येणारा कल्हईवाला बहुतेक पेठांतून गेला. कथलाचा तो थर नसेल तर आमटीतली चिंच तांबं विरघळवते, आणि ते पोटात जातं. आजीचं पातेलं घ्यायचं तर आजीची कल्हईही घ्यावी लागेल.

कुकरची काळजी घ्यायची ती वेगळ्या जागी. शिट्टीखालची नळी रोज फुंकून बघायची, डाळीचा फेस तिथंच अडकतो. डाळ निम्म्याच्या वर भरायची नाही. रिंग कडक झाली की बदलायची, सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर त्याच कंपनीचा बसवायचा. वाफ असताना झाकण ओढून काढायचं नाही.

फ्रिजवरचा आरोप मला सर्वांत चमत्कारिक वाटतो, कारण तो वस्तुस्थितीच्या नेमका उलटा आहे. अन्न खराब करणारे जिवाणू साधारण ५ ते ६० अंशांच्या मधे झपाट्यानं वाढतात. एप्रिलमधल्या पुण्याचं स्वयंपाकघर म्हणजे त्यांचं माहेर. शिजलेल्या भातात एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, आणि भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते उगवून असं विष सोडतात जे सकाळी फोडणी देऊनही जात नाही. फोडणीचा भात करायचा असेल तर तो भात निवल्यावर लगेच फ्रिजमध्येच जायला हवा. मळलेल्या कणकेच्या गोळ्यावर पिशाच्च येतं, असाही एक संदेश दरवर्षी फिरतो. त्यावर मी काही लिहीत नाही.

फ्रिजचे तोटे असे. तो मोठा होत गेला तसं आपण गरजेपेक्षा जास्त आणायला लागलो. मंडईतून चार दिवसांची भाजी येते, मागच्या कप्प्यात कोथिंबीर काळी पडते, आणि जुन्या डब्यांचं झाकण कुणी उघडत नाही. फ्रिज बिघडण्याची क्रिया मंद करतो, थांबवत नाही, हे आपण विसरलो. दुसरा तोटा घरात दिसत नाही. १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानंतर ओझोनला भोक पाडणारे वायू हळूहळू गेले. त्यांच्या जागी आलेला १३४-ए हा वायू ओझोनला सोडतो, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट आहे. आता नव्या फ्रिजमध्ये पृथ्वीला फारसा न तापवणारा आयसोब्युटेन वायू येतो, पण पंधरा वर्षं जुना फ्रिज भंगारवाल्याला देतो तेव्हा तो तांब्याच्या नळीसाठी ती कापतो आणि वायू हवेत जातो. २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकावर जुनं यंत्र योग्य रीतीनं मोडण्याची जबाबदारी टाकली आहे. नवा फ्रिज घेताना दुकानदाराला हे विचारा. मी विचारलं तेव्हा त्यानं आधी नाही म्हटलं, आणि मी उठायला लागल्यावर हो म्हटलं.

आता आरओ. इथं जरा थांबते, कारण संदेशातला हा एकच मुद्दा खऱ्याच्या जवळून जातो, आणि तरीही चुकतो.

आरओ पाण्यातले क्षार काढतं, हे खरं. पण हाडं पोकळ होण्याचा हिशोब मांडून बघा. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं पाणी दोन लिटर प्यायलं तर ४० मिलिग्रॅम मिळतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. हाडं ठिसूळ होतात ती ताटात दूध-नाचणी-पालेभाजी नसल्यानं, ड जीवनसत्त्व कमी पडल्यानं, पाळी गेल्यानंतर शरीरात होणाऱ्या बदलांनी. पाणी शुद्ध करायच्या यंत्रानं नव्हे.

मग आरओ चांगलं का? पुण्यातल्या बऱ्याच घरांना त्याची गरजच नाही. महापालिकेचं बहुतेक पाणी खडकवासला धरणसाखळीतून येतं: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. पावसाचं, डोंगरातून उतरलेलं, मुळात गोडं पाणी. माझ्या नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार मीटरवर लिटरमागे ९० मिलिग्रॅमच्या आसपास दिसतात. भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंत पाणी पिण्याला उत्तम. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानंही हेच म्हटलं होतं, की ५०० पेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्याला आरओ वापरू देऊ नये.

तरी ते घरोघर कसं पोचलं, ते मी माझ्याच बैठकीत पाहिलं. एक विक्रेता आला, दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हीत धातूच्या सळया बुडवून वीज सोडली. नळाचं पाणी काळपट-तपकिरी झालं, त्याचं स्वच्छ राहिलं. "काकू, हे तुम्ही रोज पिताय." माझ्या सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. तो गाळ पाण्यातला नव्हता, सळईतला होता. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते, लोखंडाची सळई विरघळते आणि गंज तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, वीज वाहत नाही, म्हणून सळई शाबूत. मी त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि पुन्हा वीज सोडायला सांगितली. त्याचंही पाणी तसंच झालं.

त्याचा मीटर फक्त क्षार मोजतो. जिवाणू तो मोजतच नाही. २०२५ च्या जानेवारीत आमच्याच भागात, सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे गिया-बारे सिंड्रोमची (जीबीएस) साथ आली. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात. दोनशेहून अधिक रुग्ण झाले, काही जण महिनोन्‌महिने पायांवर उभे राहू शकले नाहीत. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. असं पाणी क्षारांच्या मीटरवर अगदी उत्तम दिसू शकतं. त्या दिवसांत काम केलं ते क्लोरीननं आणि पाणी खळखळून उकळण्यानं. गोड्या पाण्याला अतिनील दिव्याचं साधं यंत्र किंवा पातेलं आणि गॅस पुरतो. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल, भांड्यांवर पांढरा थर बसत असेल, तर मात्र आरओ लावा, तिथं ते उपयोगाचं आहे.

आणि आरओचा खरा तोटा असा: घरातली बरीच यंत्रं एक लिटर पिण्याचं पाणी देताना तीन लिटरच्या आसपास मोरीत सोडतात. दिवसाला २० लिटर पाणी भरणाऱ्या घरातून ६० लिटर वाया जातं. आमच्या सोसायटीत ऐंशी घरं आहेत. सगळ्यांनी आरओ लावलं तर रोज ४,८०० लिटर, म्हणजे दहा हजारांचा जवळपास अर्धा टँकर. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की आम्हीच टँकर मागवतो. आरओ असेलच तर त्या नळीखाली बादली ठेवा. फरशी, संडास, गच्चीची फरशी त्यावर निघते. कुंड्यांना मात्र साध्या पाण्यात मिसळूनच घाला, नाहीतर माती खारट होते.

शेवटचा आरोप बायकांवरचा. तो वाचून मला राग आला, आणि तो राग मी लपवणार नाही.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. त्यांत भाऊ आहे, विठ्ठल आहे, लेकीची माया आहे, आणि सासरच्या कष्टाची तक्रारही आहे. ज्यांना दळणं म्हणजे आरोग्याचा व्यायाम वाटतो त्यांनी त्या ओव्या ऐकाव्यात. पहाटे चारला उठून, कधी पोटात बाळ घेऊन, कधी तापात दळणाऱ्या बायकांचे ते शब्द आहेत. गुडघे तेव्हाही दुखत होते, फक्त त्याला डॉक्टर नव्हता. पीसीओडी हा अंडाशयांचा, पाळी बिघडवणारा आजार संप्रेरकांशी आणि आनुवंशिकतेशी जोडलेला आहे. जातं ओढून तो टळतो असं सांगणं म्हणजे आजारी मुलीच्याच माथी दोष मारणं.

आळस कुठं आहे तेही मोजलेलं आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जातो असं दिसलं, जवळपास पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं, आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत एक.

या यंत्रांचा तोटा इथंच शोधायला हवा. वॉशिंग मशीन आलं आणि आम्ही चादरी पंधरा दिवसांऐवजी आठवड्यानं बदलायला लागलो, मुलांचा एकदा घातलेला शर्ट धुण्यात जायला लागला. पिळण्याचे कष्ट गेले. वेगळं करणं, वाळत घालणं, घड्या, इस्त्री तेवढंच राहिलं, आणि ज्या बाईचं होतं तिचंच राहिलं. दुसरं, आमच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या मावशींची चार घरांची धुणी पाच वर्षांत गेली. तेवढे पैसे गेले. त्यांना मी विचारलं, मशीनचा राग येतो का? त्या म्हणाल्या, "ताई, पैशाचं वाईट वाटतं. पण हाताच्या भेगा भरल्या बघा." त्यांनी तळवे पुढे केले. आता त्या दोन घरी पोळ्या करतात. एका घरानं धुणं बंद करताना त्यांना पोळ्यांचं काम दिलं होतं, बाकीच्यांनी फक्त पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आम्ही त्या बाकीच्यांतलेच होतो.

संदेशात सहा यंत्रं आहेत. ज्याच्यामुळे माणसं खरोखर मेली आहेत ते सातवं त्यात नाही: बाथरूममधला गॅस गिझर. थंडीत खिडकी बंद, दार बंद, आत गॅस जळतोय. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, माणूस खाली बसतो आणि उठत नाही. माझी भाची बारावीत असताना अशीच न्हाणीघरात सापडली. दार फोडायला तीन मिनिटं लागली. ती वाचली.

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि आत फक्त पाण्याची नळी आणायची. तोवर बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, दार पाच मिनिटं उघडं ठेवायचं आणि मग आंघोळीला जायचं. खिडकीची जाळी पुठ्ठ्यानं बंद केली असेल तर आजच काढा.

गेल्या रविवारी आमच्या सेक्रेटरींना बरोबर घेऊन मी सोसायटीत फिरले. अकरा घरांत गिझर बाथरूमच्या आत होता, त्यांतल्या चार ठिकाणी खिडकीला प्लॅस्टिक लावलेलं. प्लॅस्टिक चौघांनीही तिथल्या तिथं काढलं. दोघांनी गिझर बाल्कनीत हलवायला माणूस बोलावला आहे. उरलेल्या नऊ घरांत मी या रविवारी पुन्हा जाणार आहे.